गांधीलमाशी डक्टमध्येच आहे, जाळलंत ते आग्या मोहोळ

प्रति,
मा. अध्यक्ष, सचिव, खजिनदार आणि व्यवस्थापन समितीचे सर्व सदस्य,
आमची सहकारी गृहनिर्माण संस्था,
घोडबंदर रस्ता, ठाणे (पश्चिम)

विषय : बी विंगच्या डक्टमधलं गांधीलमाश्यांचं पोळं, जखमी झालेला प्लंबर आणि 'परदेशी माश्यां'बद्दलची आपली नोटीस

स. न. वि. वि.

तक्रारवहीत दोनदा लिहिलं, एकदा ईमेल केला, लिफ्टमध्ये सचिव भेटले तेव्हा तोंडी सांगितलं ते वेगळंच. आता हे पत्र सगळ्यांना वाचायला देते आहे. संस्थेचं नाव मुद्दामच घातलेलं नाही. आपली बदनामी करायची नाही, हे एक कारण. दुसरं असं की येऊरच्या डोंगराकडे तोंड करून उभ्या असलेल्या कितीतरी इमारतींच्या कमिट्या हे वाचून 'हे आपल्याबद्दलच की काय' म्हणून चपापतील. चपापल्या तर बरंच आहे.

आधी माझा संबंध सांगते. डक्टमधली, म्हणजे पाइप जातात त्या उभ्या पोकळीतली, गळती माझ्या बाथरूमची होती. पोळं माझ्या खिडकीपासून हातभर वर, पाचव्या मजल्याच्या छज्ज्याखाली आहे. गणपती गेले तेव्हा ते नारळाएवढं होतं, राखाडी, वर शिंपल्यासारख्या पट्ट्यापट्ट्यांची नक्षी. त्याच दिवशी वहीत नोंद केली. नवरात्रात ते माठाएवढं झालं, तेव्हा दुसरी नोंद आणि ईमेल. 'पेस्ट कंट्रोलवाल्याला सांगितलं आहे' असं उत्तर आलं. पेस्ट कंट्रोलवाला आला, झुरळांची जेल लावली आणि गेला.

वसुबारसेच्या आदल्या दिवशी ऑफिसातून प्लंबरला माझ्याकडे पाठवलं गेलं. सव्वीस वर्षांचा पोरगा, गेली तीन वर्षं आपल्या सगळ्यांचे नळ तोच बघतो. डक्टमध्ये पोळं आहे हे सुपरवायझरने त्याला सांगितलं नाही. मी कामावर होते. निघताना मीही फोन करून सांगायला हवं होतं, सांगितलं नाही. ही चूक माझी, आणि ती मी इथे लिहून ठेवते. खिडकीच्या काचेच्या पट्ट्या काढून तो छज्ज्यावर उतरला आणि गंजलेला क्लॅम्प सुटेना म्हणून पाइपावर हातोडी मारली. गांधीलमाशीला आवाजापेक्षा हादरा जास्त कळतो. पाइपाचा हादरा थेट छज्ज्यात आणि छज्ज्यातून पोळ्यात गेला. तो कसाबसा आत आला, सासूबाईंनी खिडकीवर टॉवेल कोंबला, तोवर मान, कान, पाठ आणि पापणी धरून नऊ डंख झाले होते.

गांधीलमाशीला हे नाव का पडलं असावं, ते त्या दिवशी सासूबाईंनी डोळ्यांनी पाहिलं. पाच मिनिटांत त्याच्या अंगभर गांधी उठल्या, ओठ सुजले, आवाज बसला. वॉचमनने पानपट्टीवरून चुना आणून लावला. (कमिटी काय लावते ते आपण पुढे बघू.) शेजारच्या मुलाने रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी आल्या आल्या मांडीत ॲड्रिनॅलिनचं इंजेक्शन दिलं, आणि एवढे डंख असले की विष मूत्रपिंडावर जाऊ शकतं म्हणून तीन दिवस ठेवून घेतलं. त्याला एका वेळी नऊ डंख कसे झाले, असं एका सदस्यांनी विचारल्याचं कळलं. मधमाशीची नांगी काटेरी असते. ती कातडीत अडकते आणि माशी मरते. गांधीलमाशीच्या नांगीला तसे काटे नसतात. ती एकच माशी चारदा डसू शकते.

यानंतर आपण काय केलंत? दिवाळीत नोटीस लावलीत. अमेरिकेत माणसं मारणारी परदेशी माशी आता ठाण्यात शिरली आहे, सबब संकुलातली सर्व पोळी आणि मोहोळं नष्ट केली जातील, असा तिचा आशय. सोबत व्हॉट्सॲपवर फिरणारा फोटो, नारिंगी तोंडाची अंगठ्याएवढी माशी.

मी बावीस वर्षं न्हावाशेवा बंदरातल्या मालाच्या कस्टम क्लिअरिंगच्या कागदपत्रांचं काम करते. परदेशी कीड हा माझ्या रोजच्या फायलीतला विषय आहे. माल ज्या लाकडी पॅलेटवर येतो त्या लाकडाचा गाभा ५६ अंश सेल्सिअसला सलग ३० मिनिटं तापवलेला, नाहीतर धुरी दिलेला असावा लागतो आणि तसा शिक्का त्यावर असावा लागतो. शिक्का नसेल तर कंटेनर अडकतो आणि पार्टी माझ्या डोक्यावर बसते. त्यामुळे 'परदेशी कीड वगैरे सगळी अफवा' असं मी म्हणणार नाही. फ्रान्समध्ये काय झालं ते पाहा. २००४ मध्ये तिथल्या नैर्ऋत्य भागात आशियाई गांधीलमाशी पहिल्यांदा आढळली. चीनमधून आलेल्या मातीच्या भांड्यांच्या खोक्यांत हिवाळ्यात निपचित पडून राहिलेली राणी तिथे उतरली असावी, असं मानतात. एवढ्याशा सुरुवातीतून ती पुढे स्पेन, पोर्तुगाल, इटली, बेल्जियम, जर्मनी अशी पसरली, २०१६ मध्ये ब्रिटनमध्ये पोहोचली आणि त्याच वर्षी युरोपीय संघाने तिला उपद्रवी परकीय जातींच्या यादीत घातलं. ती मधमाश्यांच्या पेटीसमोर हवेत एका जागी थांबते आणि परतणारी प्रत्येक माशी वरच्या वर उचलते. तिकडच्या मधमाशीला या शत्रूची सवय नाही.

आपल्या सातेरीला, म्हणजे इथल्या देशी मधमाशीला, ती आहे. सातेरीच्या पोळ्यात गांधीलमाशी शिरली तर शेकडो माश्या तिच्याभोवती गच्च गोळा करतात आणि अंग थरथरवून आतली उष्णता सेहेचाळीस-सत्तेचाळीस अंशांपर्यंत नेतात. गांधीलमाशी भाजून मरते, सातेरी जगते. शतकानुशतकं एकत्र राहिल्याशिवाय अशी युक्ती अंगात येत नाही.

आता आपल्या नोटिशीतल्या फोटोबद्दल. ती जगातली सगळ्यात मोठी गांधीलमाशी. २०१९ मध्ये ती कॅनडात आणि अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात सापडली, आणि पुढे तिकडच्या वर्तमानपत्रांनी तिला 'मर्डर हॉर्नेट' केलं. ऑक्टोबर २०२० मध्ये तिथल्या कृषी खात्याच्या लोकांनी एक माशी जिवंत पकडली, दात साफ करायच्या दोऱ्याने तिच्या कमरेला एवढासा ट्रान्समीटर बांधला, तिच्या मागे जंगलात गेले आणि झाडाच्या ढोलीतलं पोळं शोधून काढलं. मग जाड सूट घालून माश्या व्हॅक्यूमने ओढून घेतल्या. पुढच्या वर्षी आणखी तीन पोळी काढली. डिसेंबर २०२४ मध्ये, आता ती अमेरिकेत उरलेली नाही, असं जाहीर झालं. फोटो कुठून आला तेही ठाऊक नसलेला मेसेज आपण त्यानंतर नोटीसबोर्डावर चिकटवलात.

एक पोळं सापडावं म्हणून तिकडे माशीच्या कमरेला दोरा बांधतात. आपल्याला पोळं दोन महिने रोज दिसतं आहे.

शिवाय ती फोटोतली माशी भारताला परदेशीही नाही. ती आणि फ्रान्सला छळणारी, दोघी आपल्या हिमालयात आणि ईशान्येकडे मुळातल्याच आहेत. आपल्या डक्टमधली तिसरीच. दिवाळीत एक मेलेली माशी माझ्या खिडकीच्या कट्ट्यावर पडली होती. ती कापराच्या रिकाम्या डबीत ठेवली आहे. मुलीच्या पट्टीवर मोजली, अडीच सेंटीमीटर भरली. काळपट तपकिरी अंग, पोटावर एकच रुंद पिवळा पट्टा. कीटकांच्या एका जाणकाराला दाखवली तर त्यांनी लगेच सांगितलं, वेस्पा ट्रॉपिका, इथलीच. कागदासारखी उघडी, छत्रीच्या आकाराची पोळी करणाऱ्या लहान गांधीलमाश्या असतात ना, त्यांची पिल्लं खाऊन ती जगते. गंमत म्हणजे प्रशांत महासागरातल्या ग्वाम बेटावर २०१६ मध्ये हीच माशी पोहोचली आणि तिथे ती परकीय कीड ठरली. म्हणजे तिकडच्या एखाद्या सोसायटीने 'आशियातून आलेली माशी' अशी नोटीस लावली तर ती बरोबर ठरेल.

कुणी म्हणेल, इथली की तिथली, डसली की सारखीच आग होते, मग हा काथ्याकूट कशाला? फरक पडतो. 'परदेशी' शब्दाने आपल्याला सगळंच्या सगळं मारायचा परवाना मिळाला, आणि जे मारायचं ते राहून गेलं.

तुळशीच्या लग्नाआधीच्या रविवारी, दुपारी साडेबारा वाजता, आपण नेमलेले दोघे जण आले. ए विंगच्या गच्चीवरच्या टाकीखाली आग्या मोहोळ होतं. दिवाळीच्या सुमारास ते तिथे येतं आणि पाऊस सुरू व्हायच्या आत जातं. मी राहायला आल्यापासून ते बघते आहे. परातीएवढं एकच उघडं पोळं, दुरून पाहिलं तर टाकीला कुणी काळी घोंगडी टांगल्यासारखं. आमच्या बी विंगच्या गच्चीवर कपडे वाळत घालताना मी कितीदा पाहिलं आहे, डक्टमधली ती पिवळ्या पट्ट्याची बाई मोहोळासमोर घिरट्या घालायला आली की त्या घोंगडीवर लाट उठायची. एका टोकाच्या माश्या पोटं वर उचलत, मग त्यांच्या शेजारच्या, मग त्यांच्या, अशी एक चकाकी या टोकापासून त्या टोकापर्यंत सळसळत जायची. गांधीलमाशी मागे सरायची. पुन्हा यायची, पुन्हा लाट.

त्या दोघांनी बांबूला गोणपाट गुंडाळून टेंभा केला आणि मोहोळ जाळलं. मधाचा भाग बादलीत काढून घेतला, उरलेल्यावर सायपरमेथ्रिन हे कीटकनाशक मारलं. माश्या दुपारी मोठ्या संख्येने बाहेर असतात. त्या परत आल्या तेव्हा घर नव्हतं. खाली खेळाच्या जागेत सातवीतली दोन मुलं आणि एक आजोबा त्यांच्या तावडीत सापडले. घसरगुंडीच्या पायथ्याशी माश्यांचा थर पडला होता, पंख जळलेल्या बऱ्याच अजून चालत होत्या. झाडणाऱ्या मावशींनी सुपात भरभरून कचऱ्याच्या डब्यात टाकल्या.

डक्टचं विचारलं तर म्हणाले, 'दोरीवर उतरणारा माणूस आणलेला नाही, त्याचा रेट वेगळा.' आणि बादली घेऊन गेले. गांधीलमाशीच्या पोळ्यात मध नसतो, हे त्यांना आपल्यापेक्षा चांगलं ठाऊक असावं. साडेचौदा हजारांचं बिल मंगळवारी पास झालं.

आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी म्हणतात ते हेच. आपल्या बंबात तर पाण्याऐवजी विष होतं.

आग्या मोहोळ गरीब असतं असं मी म्हणत नाही. उठलं तर ते गांधीलमाशीपेक्षा भारी पडतं, माणसं दगावली आहेत. पण चौदाव्या मजल्यावर टाकीखाली, कुलूपबंद गच्चीवर ते कुणाच्या अध्यात ना मध्यात होतं, आणि ते उठवायचा खात्रीचा उपाय भरदुपारी जाळणं हाच होता. अगदी हलवायचंच होतं तर रात्री, माणसं आत आणि खिडक्या बंद असताना, ओल्या गवताच्या धुराने हलवता येतं. येऊरच्या पाड्यांवर मध काढणारे लोक आहेत, पुण्यात केंद्रीय मधमाशी संशोधन आणि प्रशिक्षण संस्था १९६२ पासून आहे. फोन करायला पैसे पडत नव्हते.

तर माझ्या तक्रारी. पहिली सगळ्यात मोठी: लेखी सूचना असताना दोन महिने काही झालं नाही, आणि धोका माहीत असलेल्या जागेत, काहीही न सांगता, एका माणसाला उतरवलं गेलं. दवाखान्याचं बिल आम्ही बी विंगच्या बायकांनी वर्गणी काढून भरलं. तो अकरा दिवस कामावर जाऊ शकला नाही. रोजावरचा माणूस, त्या अकरा दिवसांचे शून्य रुपये. 'तो कॉन्ट्रॅक्टरचा माणूस' हे खजिनदारांचं उत्तर मला मान्य नाही. गळती आपली, डक्ट आपला, पोळं आपलं आणि माणूस तेवढा कॉन्ट्रॅक्टरचा?

दुसरी, जात ओळखल्याशिवाय लावलेली नोटीस. त्या नोटिशीनंतर सी-थ्रीच्या आजी नातवाला खाली खेळायला सोडत नाहीत आणि एका सभासदाने कुंभारीण माशीचं मातीचं घर, ज्यात डसायला येणारं कुणी नसतं, त्यावर रॉकेल ओतून पडदा जाळून घेतला. तिसरी, फवारणी कोणती, किती, कधी, हे सभासदांना न कळवणं. खाली मुलं खेळत होती. चौथी एका वाक्याची: दर महिन्याला सगळ्या झाडांवर फवारणीचं वर्षाचं कंत्राट द्यायचा जो ठराव आपण पुढच्या बैठकीत आणणार आहात, तो आणू नका.

झाडांवरून आठवलं. मागच्या अंगणातला उंबर 'माश्यांचं मूळ' म्हणून काढायची चर्चा आहे असं ऐकते. पिकल्या फळांवर गांधीलमाश्या येतात, खरं आहे. पण शहरातलं झाड तोडायला १९७५ च्या कायद्याप्रमाणे वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, आणि 'एका प्लंबरला डक्टमध्ये माशी चावली' हे कारण त्या अर्जात कसं लिहिणार, ते मला खरोखर वाचायचं आहे. खाली पडलेली फळं रोज झाडून घ्या. ओल्या कचऱ्याच्या डब्याला झाकण लावा. मासळीच्या आणि फळांच्या सालींवर त्यांचा तिथेच जास्त राबता असतो.

मागण्या अशा. डक्टमधलं पोळं आठ दिवसांत काढा. सूट आणि दोरीचं साहित्य असलेला, हे काम पूर्वी केलेला माणूस बोलवा. अंधार पडल्यावर या, तेव्हा बहुतेक माश्या पोळ्यात असतात. साधा पांढरा टॉर्च न वापरता लाल उजेड वापरा, तो त्यांना नीट दिसत नाही. त्या रात्री डक्टकडच्या खिडक्या बंद ठेवायला प्रत्येक घराला आदल्या दिवशी सांगा. पोळं निघेपर्यंत डक्टला कुलूप आणि दारावर ठळक पाटी. हे पोळं काढायला माझा विरोध नाही, हे पुन्हा लिहिते, कारण मला आता 'माशीवाल्या बाई' म्हणतात असं कानावर आलं आहे.

प्लंबरच्या औषधोपचाराचे पैसे आणि अकरा दिवसांची मजुरी संस्थेच्या निधीतून द्या. ऑफिसात आणि दोन्ही गेटवर डंखाच्या वेळी काय करायचं त्याचा एक कागद लावा: माणसाला तिथून दूर न्या, डंखावर बर्फ ठेवा, अंगभर गांधी उठल्या, श्वास लागला किंवा चेहरा सुजला तर चुना-लोखंड काही न करता १०८ ला फोन करा. आणि ती जुनी नोटीस काढून त्याच जागी, त्याच अक्षरात, दुरुस्ती लावा. जात खरंच अनोळखी वाटली तर मेलेली माशी डबीत घालून फ्रीझरमध्ये ठेवा, उजेडात पट्टीसोबत फोटो काढा आणि बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीकडे किंवा पुण्याच्या प्राणी सर्वेक्षण कार्यालयाकडे विचारा. खरंच परदेशी निघाली, तर ती कळवणारे आपण पहिले असू आणि मी स्वतः आपल्या बाजूने पत्र लिहीन.

टाकीखालच्या जागेबद्दल मागणी नाही, विनंती आहे. जळलेला काळा डाग तिथे आहे. पुढच्या दिवाळीला ते आले तर त्यांना राहू द्या, गच्चीचं कुलूप आणि एक पाटी एवढंच करा.

कायद्याप्रमाणे पाचव्या हिश्श्याएवढ्या सभासदांनी लेखी मागणी केली तर विशेष सर्वसाधारण सभा महिन्याच्या आत बोलवावी लागते. आपण ११२ सभासद आहोत, म्हणजे २३ सह्या पुरतात. माझ्याकडे काल रात्रीपर्यंत ३१ झाल्या. त्यातल्या चार ए विंगच्या, ज्यांच्या डोक्यावरचं मोहोळ जाळलं गेलं त्याच मजल्यावरच्या. अर्ज सोमवारी ऑफिसात देते आहे, पोच घेऊन.

तोवर माझ्या बाथरूमच्या खिडकीला पुठ्ठा आणि सेलोटेप आहे. गळती चालूच आहे, खाली बादली ठेवली आहे, आणि नवा प्लंबर छज्ज्यावर उतरायला तयार नाही.

आपली,
बी विंग, चौथा मजला